वास येतो म्हणून धुतेस, धुतेस म्हणून वास येतो

पत्र: डॉक्टर, मी २२ वर्षांची. गाव सांगली जिल्ह्यात, शिकायला पुण्यात. हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही चौघी राहतो. पाच-सहा महिने झाले, अंगावरून पांढरं जातंय. पातळ, राखाडीसर. खाज नाही, पण मासळीसारखा वास येतो. पाळी येऊन गेली की वाढतो, मित्राशी संबंध आल्यावरही वाढतो. एकीने सांगितलं म्हणून इंटिमेट वॉश आणला, दिवसातून दोनदा आतून धुते. मेडिकलवाल्याने तीन गोळ्यांचं किट दिलं. पंधरा दिवस बरं वाटलं, परत तेच. एका दवाखान्यात गेले तर काउंटरवर सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "लग्न झालंय का?" मी तशीच मागे फिरले. मित्र म्हणतो, मला तर काहीच होत नाही, मग तुला हे आलं कुठून? आई म्हणते, पांढरं गेलं की हाडं झिजतात. मला गुप्तरोग झालाय का? पुढे मूल होईल ना? धाकटी बहीण १३ वर्षांची आहे, तिच्यासाठी आत्तापासून काय करू? नाव छापू नका.

*

नाव छापलेलं नाही, आणि कॉलेजही ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

आधी उत्तर देते, कारण सहा महिने तू त्यासाठीच झुरते आहेस. पातळ राखाडी स्राव, खाज नाही, मासळीसारखा वास आणि तोही पाळीच्या नि संबंधांच्या आगेमागे वाढणारा, हे वर्णन बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं आहे. आम्ही बोलताना त्याला बीव्ही म्हणतो. तरुण बायकांत योनीच्या तक्रारींचं हे अगदी नेहमीचं कारण. तू घाणेरडी आहेस म्हणून हे झालेलं नाही, आणि कुणाकडून काही 'लागलं' असा याचा सरळ अर्थ होत नाही. औषध आहे. मात्र नुसत्या पत्रावरून मी बीव्हीचा शिक्का मारणार नाही. ट्रायकोमोनास नावाचा एक गुप्तरोग जवळपास असाच दिसतो. शिवाय कंडोमचा तू पत्रात कुठेच उल्लेख केलेला नाहीस. म्हणून तपासणी करायचीच आहे, ती कुठे आणि कशी ते पुढे सांगते. एक गोष्ट मात्र आजपासूनच थांबव: आतून धुणं.

का, ते नीट समजून घे, नाहीतर आठ दिवसांनी ती बाटली पुन्हा हातात येईल.

वयात आल्यावर इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं. ही एक प्रकारची साखरच. त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू पोसले जातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्याला आंबटपणा येतो तो याच कुळातल्या जंतूंमुळे. १८९२ साली डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी योनीतल्या या काड्यांसारख्या जंतूंचं वर्णन केलं. यांच्या आम्लामुळे तिथला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ३.८ ते ४.५ राहतो, म्हणजे टोमॅटोइतका आंबट. एवढ्या आंबटात बाहेरच्या बऱ्याच जंतूंना पाय रोवता येत नाहीत. तुझ्या काळ्या निकरवर मधोमध फिकट तांबूस पट्टा पडलेला असेल बघ. बऱ्याच मुलींना तो न निघालेला डाग वाटतो आणि त्या घासत बसतात. तो आम्लामुळे उडालेला रंग असतो. आतलं सगळं ठीक चाललंय याची ती खूण आहे. महिन्याच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा स्राव येतो, पाळीआधी तो घट्ट आणि दुधाळ होतो. हे सगळं निरोगी आहे.

वॉश आत गेला की आम्लही धुऊन जातं आणि लॅक्टोबॅसिलसही. जागा रिकामी झाली की गार्डनरेला आणि तिच्यासोबतचे इतर जंतू फोफावतात. ते जी द्रव्यं सोडतात, त्यांतली काही अमाइन जातीची असतात. मासळीला वास येतो तोही अमाइनचाच. परिसर क्षारधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, झाला की ही द्रव्यं हवेत उडतात, आणि रक्त नि वीर्य दोन्ही क्षारधर्मी आहेत. तुझा वास पाळीत आणि संबंधांनंतर वाढतो त्याचं कारण एवढंच. त्यावर तू आणखी धुतेस, आणि पुढच्या महिन्यात वास आणखी वाढतो. लिंबू, खाण्याचा सोडा, अँटिसेप्टिक, सुगंधी वाइप्स, यांतलं काहीही आत नको. दही लावू का, असंही मला मुली विचारतात. नको. दह्यातल्या जाती वेगळ्या, त्या योनीत मुक्काम करत नाहीत. बाहेरून साधं पाणी पुरे. साबण लागलाच तर सौम्य, तोही फक्त बाहेर.

पांढरं गेल्याने हाडं झिजत नाहीत. स्रावात असतं काय तर पाणी, श्लेष्मा, अस्तराच्या गळलेल्या पेशी आणि जंतू. हाडातलं त्यात काही नसतं. पण आईला हसू नकोस. तिच्या पिढीत कंबर धरून, अंगात रक्त नसताना कामं ओढणाऱ्या बायकांना पांढरंही जायचं, आणि या दुखण्यांना तपासणारं कुणी नव्हतं, म्हणून दोन्हींचा संबंध जोडला गेला. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांना तपासलं. तो अभ्यास १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाची किंवा लैंगिक आजाराची एक तरी तक्रार निघाली. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तुझ्या आईची आई बहुधा त्या उरलेल्या ९२ मधलीच असेल. आणि काउंटरवरून परत फिरलीस तेव्हा, पुण्यासारख्या शहरात राहून, तूही त्यांच्यातच जाऊन बसलीस. मला राग येतो तो याचा, तुझा नव्हे.

तपासणी म्हणजे काय याची कल्पना नसते म्हणून भीती जास्त वाटते, तेव्हा सांगते. टेबलावर झोपायचं, गुडघे दुमडून बाजूला. स्पेक्युलम नावाचं बदकाच्या चोचीसारखं साधन आत बसवून हळूच उघडतात. श्वास सोडलास तर स्नायू सैल पडतात आणि सहसा दुखत नाही. दुखलं तर "थांबा" म्हणायचं, आणि डॉक्टरांनी थांबायचं. कापसाच्या काडीवर स्राव घेतात. तो काचेच्या पट्टीवर लावून मी सूक्ष्मदर्शकाखाली धरते. निरोगी स्रावात अस्तराच्या पेशी चपट्या, स्वच्छ कडेच्या दिसतात आणि मधून मधून लॅक्टोबॅसिलसच्या सरळ काड्या. बीव्हीत काड्या नाहीशा होतात आणि बारीक जंतू पेशीला असे चिकटतात की कडच हरवते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी सांगते, खसखशीत थापलेला अनारसा आठवा. एकदा बघितला की विसरत नाही. दुसऱ्या पट्टीवर क्षाराचा एक थेंब टाकला की तुला छळणारा तोच वास क्षणभर येतो. तसला स्राव, ४.५ च्या वर गेलेला पीएच, हा वास आणि खसखशीच्या पेशी, या चारपैकी तीन खुणा पटल्या की बीव्ही. १९८३ पासून हेच निकष चालत आलेत आणि त्यांना महागडी प्रयोगशाळा लागत नाही. म्हणूनच घरबसल्या 'मायक्रोबायोम'चा, म्हणजे योनीतल्या सगळ्या जंतूंचा, रंगीत अहवाल देणाऱ्या किटवर तू आत्ता पैसे घालवू नयेस असं मला वाटतं. २०११ साली अमेरिकेत ३९६ निरोगी बायकांचे जंतू तपासले तेव्हा सुमारे पाव बायकांत लॅक्टोबॅसिलसचं राज्य नव्हतंच, आणि तरी त्यांना काही त्रास नव्हता. प्रत्येकीचा साचा एकच नसतो. त्रास नसेल तर अहवालावर इलाज करायचा नसतो.

आता गुप्तरोगाचा प्रश्न. बीव्ही स्वतः त्या यादीत धरत नाहीत, पण तो त्या आजारांना वाट मोकळी करून देतो. आम्लाचं कुंपण पडलेलं असतं, अस्तराला सूज असते. त्यामुळे क्लॅमिडिया, गोनोरिया, हर्पिस, एचआयव्ही यांपैकी कशाशी गाठ पडली तर तो लागण्याची शक्यता वाढते. दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ उमलाझी इथे १८ ते २३ वर्षांच्या, म्हणजे तुझ्याच वयाच्या मुलींचा अभ्यास झाला. आठवड्यातून दोनदा त्या यायच्या, नोकरीधंद्याला उपयोगी पडेल असं शिकायच्या आणि बोटाच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी करून जायच्या. योनीत लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस ही जात भरपूर असलेल्या मुलींच्या मानाने, सरमिसळ जंतू असलेल्या मुलींना एचआयव्हीची लागण साधारण चौपट झाली. त्याच देशात टेनोफोविर या एचआयव्ही रोखणाऱ्या औषधाचं जेल तपासलं होतं. योनीत लॅक्टोबॅसिलसचं राज्य असलेल्या बायकांत जेलने लागण ६१ टक्क्यांनी कमी केली, बाकीच्यांत फक्त १८ टक्क्यांनी. गार्डनरेला ते औषधच खाऊन टाकत होती, असं २०१७ मध्ये उघड झालं. हे तुला घाबरवायला सांगत नाही. 'पांढरं जाणं' ही बायकांची किरकोळ कुरकुर म्हणून सोडून देतात ना, ते किती महाग पडू शकतं हे कळावं म्हणून सांगते.

क्लॅमिडियाचं विशेष म्हणजे तो बहुतेक बायकांत काहीच लक्षण दाखवत नाही. स्राव नाही, वास नाही. काही जणींत तो वर चढून गर्भनलिकांना सूज आणतो, आणि त्या सुजेतून नळ्या बंद होऊ शकतात. मूल होईल का या तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून यात दडलंय. बीव्ही झाला म्हणून मूल होत नाही, असं नाही. क्लॅमिडिया वेळेत सापडला आणि औषध घेतलं तर काळजीचं कारण सहसा उरत नाही. न तपासता वर्षं घालवणं हे धोक्याचं. तेव्हा डॉक्टरांकडे क्लॅमिडिया आणि गोनोरियाची, जंतूच्या जनुकीय खुणा शोधणारी, न्यूक्लिक अ‍ॅसिड तपासणी माग. स्वॅब (कापसाच्या काडीवरचा नमुना) स्वतःचा स्वतः घेतला तरी ती तितकीच चांगली होते. सोबत रक्तातून एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी.

मेडिकलवाल्याच्या किटबद्दल. त्या तीन गोळ्या बहुधा फ्लुकोनॅझोल, अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेक्निडॅझोल असतात. एक बुरशीला, एक क्लॅमिडियाला, एक बीव्हीला. अंधारात तीन दगड. सेक्निडॅझोलने बीव्ही थोडा दबला असावा, म्हणून तुला पंधरा दिवस बरं वाटलं. क्लॅमिडियाला अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या एका डोसपेक्षा सात दिवसांचं डॉक्सिसायक्लिन जास्त भरवशाचं ठरलंय. आणि गोनोरिया या किटने बरा होईल असं धरून चालता येत नाही, कारण तो जंतू एकामागून एक औषधांना सरावत चाललाय. किट कधी घेतलंस ती तारीख डॉक्टरांना सांग, तपासणीचा अर्थ लावायला ती लागते.

जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' अशी पाटी असते. ही केंद्रं राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातली. समुपदेशक असतात, औषधं फुकट मिळतात. तिथेही रंगांची किट असतात, योनीच्या स्रावासाठी हिरवं, गर्भाशयाच्या मुखाच्या सुजेसाठी करडं, पण ती विचारपूस आणि तपासणी करून देतात, मेडिकलच्या काउंटरवरून नव्हे. शेजारीच एचआयव्हीची मोफत तपासणी होते. जायच्या आधी बोलायचं असेल तर १०९७ या नंबरवर फोन कर, पैसे पडत नाहीत. खासगीत जायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

काउंटरवर कारण सांगायची तुझ्यावर सक्ती नाही. "डॉक्टरांशीच बोलायचंय" एवढं म्हण आणि नाव-वय लिहून दे. आत गेलीस की लग्नाचा प्रश्न तिथेही येईल. तेव्हा सरळ सांग, "लग्न झालेलं नाही, संबंध आलेले आहेत." हे वाक्य घरी आरशासमोर दोनदा म्हणून बघ, खरंच. डॉक्टरला हे माहीत नसेल तर तो चुकीचं तपासतो. संबंध न आलेल्या मुलीला आम्ही स्पेक्युलम लावत नाही. तू सज्ञान आहेस, तुझी माहिती गुप्त ठेवायला डॉक्टर बांधील आहे, घरी फोन जाणार नाही. (१८ च्या आतल्या मुली हे वाचत असतील तर त्यांना सांगायला हवं की त्यांचे संबंध आलेले असतील तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. पण म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. दुखणं अंगावर काढू नका.) ज्या दवाखान्यातून तू परतलीस तिथे चूक त्यांची झाली. हा प्रश्न बंद दाराआड विचारायचा असतो.

बीव्ही निघाला तर बहुतेक वेळा मेट्रोनिडॅझोल देतात, दिवसातून दोनदा, सात दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं. जेवणानंतर घे आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी सात दिवस पुरे कर. गोळीऐवजी क्रीम किंवा योनीत ठेवायची गोळी दिली तर एक लक्षात ठेव, क्लिंडामायसिन क्रीमने कंडोमचं रबर कमजोर होतं, त्या दिवसांत संबंध टाळलेले बरे. आणि हा आजार परत येतो. निम्म्याहून जास्त जणींना वर्षाच्या आत येतो, कारण हे जंतू अस्तरावर चिकट थर करून राहतात आणि औषध तळापर्यंत पोचत नाही. परत आला तर स्वतःला दोष देऊ नकोस, परत जा.

आता तुझा मित्र. "मला काही होत नाही" याचा त्याने लावलेला अर्थ चुकीचा आहे. पुरुषाला लक्षणं नसतात, पण हेच जंतू शिश्नाच्या कातडीवर आणि मूत्रमार्गात राहू शकतात. मीसुद्धा कित्येक वर्षं बायकांना सांगत आले की बीव्हीत नवऱ्याला औषध लागत नाही, पुस्तकात तसंच होतं. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १६४ जोडप्यांचा अभ्यास आला. एका गटात फक्त बाईला औषध, दुसऱ्यात तिच्यासोबत पुरुषालाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि शिश्नाला क्लिंडामायसिन क्रीम. बारा आठवड्यांत फक्त बायकांना औषध दिलेल्या गटात ६३ टक्के जणींना बीव्ही परतला, दोघांना दिलेल्या गटात ३५ टक्के जणींना. तेव्हापासून मी नवऱ्यालाही आत बोलावते. ज्या बायकांना मी पूर्वी एकट्या पाठवलं आणि ज्या दर दोन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत आल्या, त्यांची आठवण येऊन मन खट्टू होतं.

तर त्याला सांग: "डॉक्टर म्हणतात, हे परत येऊ नये म्हणून दोघांनी तपासायचं आणि दोघांनी औषध घ्यायचं." ट्रायकोमोनास, क्लॅमिडिया, गोनोरिया यांपैकी काही निघालं तर त्याला औषध घ्यावंच लागेल, त्यात पर्याय नाही. तोवर संबंध नको, नंतर प्रत्येक वेळी कंडोम. कंडोम नियमित वापरणाऱ्यांत बीव्हीही कमी दिसतो. एवढं सांगूनही "तुला हे कुठून आलं" हेच तो धरून बसला, तर तुझ्या तब्येतीची तो किती फिकीर करतो ते तुला दिसेलच, त्यावर मी काही सांगायची गरज नाही.

पुढचं काही झालं तर मात्र हे पत्र बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठ: ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधांच्या वेळी आत खोल दुखणं, संबंधांनंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, बाहेर फोड किंवा जखम, पाळी चुकणं.

हॉस्टेलमध्ये निकर ओढणीखाली झाकून वाळत घालता, माहीत आहे मला. ओलसर निकरने बीव्ही होत नाही, पण दह्यासारखा स्राव आणि खाज आणणाऱ्या बुरशीला ती आवडते. चौघी मिळून खिडकीत एक दोरी बांधा, ऊन लागू दे.

बहिणीसाठी दोन गोष्टी. तिला पाळी सुरू व्हायच्या सुमारास पांढरं जायला लागेल किंवा लागलंही असेल. तो काळ्या निकरवरचा पट्टा तिला आत्ताच समजावून सांग, म्हणजे ती घासत बसणार नाही. दुसरं, एचपीव्हीची लस. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग ज्या विषाणूने होतो तोही संबंधांतूनच पसरतो, म्हणून लस संबंध यायच्या आधी देतात. ९ ते १४ वर्षांत दिली तर दोन डोस पुरतात. भारतीय बनावटीची लस आपल्या पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची आहे, तिला २०२२ साली मंजुरी मिळाली. तू २२ ची आहेस, तुलाही घेता येते, पण तुला तीन डोस लागतील. स्वतःसाठी जाशील त्याच दिवशी डॉक्टरांना दोघींचं विचारून घे.

सोमवारी सकाळी लेक्चर बुडव आणि जा. पाळी चालू असेल तर ती थांबल्यावर जा, आणि आदल्या दोन दिवसांत वॉश, क्रीम, संबंध काही नको, नाहीतर स्राव नीट तपासता येत नाही. रिपोर्ट आला की मला लिही. औषधाचं नाव आणि किती दिवस दिलं तेही लिही.